एक चित्र, दोन ध्वनी आणि २४०० गावे

१ ऑगस्ट १९७५ रोजी पंतप्रधान इंदिरा गांधी यांच्या हस्ते एका अपूर्व प्रयोगाचे उद्घाटन झाले. राजस्थान, बिहार, मध्य प्रदेश, ओरिसा, आंध्र प्रदेश आणि कर्नाटक या सहा राज्यांतील २० जिल्ह्यांमधील सुमारे २४०० गावे त्या दिवसापासून थेट उपग्रहाकडून येणारी दूरचित्रवाणी पाहू लागली. शाळेच्या किंवा पंचायतीच्या इमारतीत संच, बाहेर जाळीची मोठी छत्री आणि समोर जमलेले गाव, हे दृश्य पुढे वर्षभर देशाच्या मागास भागांत दिसत राहिले. ‘साइट’ या संक्षिप्त नावाने हा प्रयोग ओळखला जातो. उपग्रहाद्वारे शिक्षण देणारा दूरचित्रवाणी प्रयोग, असा त्या नावाचा अर्थ.

साइटचा इतिहास बहुधा अंतराळ कार्यक्रमातील पराक्रमाची एक पायरी म्हणून सांगितला जातो. मात्र त्याची दुसरी बाजू आजच्या संपर्कजालांच्या दृष्टीने अधिक बोधप्रद आहे. हातात एकच वाहिनी होती, वेळ रोजचा चार तासांचा होता, भाषा चार होत्या आणि मुदत एका वर्षाची होती. एवढ्या तुटपुंज्या साधनांत कोणाला किती द्यायचे आणि जे द्यायचे ते शेवटच्या गावापर्यंत कसे पोहोचवायचे, हाच या प्रयोगाचा गाभा होता. ध्वनी, चित्र आणि माहिती वाहून नेणाऱ्या प्रत्येक जालापुढे आजही हेच दोन प्रश्न उभे असतात. फरक एवढाच, की साइटमध्ये त्यांची उत्तरे उघड्या डोळ्यांनी पाहता आली.

त्या काळी दूरचित्रवाणी ही मोठ्या शहरांची गोष्ट होती. दिल्लीत ती १९५९ मध्ये आली आणि मुंबईत २ ऑक्टोबर १९७२ रोजी. खेड्यांसाठी म्हणून जे काही होते, ते दिल्लीच्या परिसरातील ८० गावांसाठी जानेवारी १९६७ मध्ये सुरू झालेल्या ‘कृषिदर्शन’पुरते मर्यादित होते. शहराकडून गावाकडे एकेक प्रक्षेपण केंद्र उभारीत जायचे, तर दूरवरच्या जिल्ह्यांचा क्रम लागायला कित्येक दशके गेली असती. विक्रम साराभाई यांनी हा क्रमच उलटा करण्याचा विचार मांडला. ज्यांच्यापर्यंत रस्ता, वर्तमानपत्र आणि शिक्षक सर्वांत उशिरा पोहोचतात, त्यांच्यापर्यंत उपग्रह आधी पोहोचू शकतो, ही त्यांची भूमिका होती. अहमदाबाद येथे १९६७ मध्ये प्रायोगिक भूकेंद्र उभे राहिले. १८ सप्टेंबर १९६९ रोजी भारताचा अणुऊर्जा विभाग आणि अमेरिकेची नासा यांच्यात करार झाला. त्यानुसार नासा आपला एटीएस-६ हा उपग्रह एका वर्षासाठी भारताला वापरू देणार होती. जमिनीवरची सर्व यंत्रणा आणि सर्व कार्यक्रम मात्र भारताने स्वतः तयार करावयाचे होते. डिसेंबर १९७१ मध्ये साराभाई यांचे निधन झाले. पुढे सतीश धवन यांच्या नेतृत्वाखालील इस्रोने, अहमदाबादच्या अंतराळ उपयोग केंद्राचे संचालक यशपाल आणि कार्यक्रमाचे व्यवस्थापन सांभाळणारे, मूळचे कोल्हापूरचे एकनाथ चिटणीस यांनी ही योजना प्रत्यक्षात आणली.

पहिला निर्णय ओझ्याच्या वाटणीचा होता. उपग्रहाकडून येणारा संदेश अतिशय क्षीण असतो. तो स्पष्टपणे पकडायचा, तर एक तर जमिनीवरची छत्री प्रचंड हवी किंवा उपग्रहाची प्रक्षेपणशक्ती मोठी हवी. त्या काळच्या व्यापारी उपग्रहांनी पहिला मार्ग पत्करला होता. पुणे जिल्ह्यातील आर्वी येथे १९७२ च्या फेब्रुवारीत राष्ट्रार्पण झालेल्या भूकेंद्राची छत्री सुमारे ३० मीटर व्यासाची होती. परदेशी दूरध्वनी संपर्कासाठी देशात अशी एखाद-दुसरी छत्री पुरते. प्रत्येक गावात ती उभारणे मात्र अशक्यच होते. एटीएस-६ ची रचना याच्या नेमकी उलट होती. ३० मे १९७४ रोजी प्रक्षेपित झालेल्या या उपग्रहाने अंतराळात गेल्यावर ९ मीटरहून अधिक व्यासाची छत्री उलगडली होती. भूकेंद्राकडून येणारा संदेश तो ८६० मेगाहर्ट्झच्या आसपासच्या लहरींवर एकवटून परत पाठवीत असे. जड आणि महाग भाग वर गेल्यामुळे गावासाठी ३ मीटरची छत्री पुरेशी ठरली, आणि तीही कोंबड्यांच्या खुराड्याला लावतात तसल्या तारेच्या जाळीची. जाळी स्वस्त होती, वाहून न्यायला हलकी होती आणि वारा तिच्यातून आरपार जात असे. गावातील संच हैदराबादच्या इलेक्ट्रॉनिक्स कॉर्पोरेशन ऑफ इंडिया या सरकारी कंपनीने तयार केले. आर्वीची ३० मीटरची छत्री आणि कुर्नूल किंवा संबलपूर जिल्ह्यातील एखाद्या शाळेबाहेरची ३ मीटरची जाळी यांच्यात केवळ आकाराचे अंतर नव्हते. खर्च आणि गुंतागुंत एका ठिकाणी एकवटावी आणि जिथे माणसे अनेक व पैसा थोडा, तिथे साधेपण ठेवावे, हे धोरण त्या अंतरातून व्यक्त होत होते.

या धोरणालाही एक किंमत होती. शक्तिशाली उपग्रह एकच होता आणि तो स्वतःचा नव्हता. पहिले वर्षभर त्याने अमेरिकेतील अलास्का, रॉकी पर्वत आणि ॲपालेचिया या दुर्गम भागांसाठी शिक्षण व आरोग्याचे प्रयोग केले. त्यानंतर तो सरकवून पूर्व आफ्रिकेच्या वर, ३५ अंश पूर्व रेखांशावर आणण्यात आला. तिथून भारत त्याच्या टप्प्यात येत होता. करारातील वर्ष संपले, की तो परत जाणार होता. प्रयोगाची पहिली रात्र उजाडण्यापूर्वीच शेवटची रात्र ठरलेली होती.

दुसरा प्रश्न वाटपाचा होता. उपग्रहावरून एका वेळी एकच चित्र येऊ शकत होते. त्याच्यासोबत मात्र दोन स्वतंत्र ध्वनिवाहिन्यांची सोय होती. त्यामुळे एकच चित्र दोन भाषांत ऐकवता येत असे आणि कोणता आवाज घ्यायचा, हे गावातल्या संचावर ठरत असे. चित्राला वाहिनीवर खूप मोठी जागा लागते, ध्वनीला अगदी थोडी. महाग वस्तू सामाईक ठेवून स्वस्त वस्तूची जोडी करायची, ही त्यामागची हिशेबी समज होती. आज एकाच चित्रपटाला पाच-सहा भाषांतील आवाजाचे पर्याय असतात. त्यांच्या मुळाशीही हाच विचार आहे.

तरीही दोन ध्वनिवाहिन्यांनी सगळा पेच सुटणारा नव्हता. राजस्थान, बिहार आणि मध्य प्रदेश यांच्यासाठी हिंदी, शिवाय ओडिया, तेलुगू आणि कन्नड अशा चार भाषांचा दावा एका वाहिनीवर होता. रोजच्या चार तासांपैकी दीड तास सकाळी शाळकरी मुलांसाठी आणि अडीच तास संध्याकाळी सर्व गावासाठी, अशी विभागणी झाली. सकाळच्या दीड तासात प्रत्येक भाषेच्या वाट्याला साडेबावीस मिनिटे आली. एका भाषेची मिनिटे चालू असताना इतर भाषांच्या गावांपुढे एक तर न समजणारा कार्यक्रम असे किंवा बंद पडदा. संध्याकाळच्या वेळेतला अर्धा तास सर्वांसाठी सामाईक होता आणि तो हिंदीत होता. त्यात राष्ट्रीय बातम्या असत. रायचूर किंवा ढेंकानाल जिल्ह्यातल्या शेतकऱ्याच्या दृष्टीने, दिवसभराच्या कामानंतर मिळणाऱ्या मोजक्या मिनिटांतील अर्धा तास परक्या भाषेत जात होता. तो काळ आणीबाणीचा होता. केंद्राचा आवाज एकाच वेळी सर्व गावांत जावा, ही इच्छाही त्या वाटपात मिसळलेली होती. दुर्मीळ साधनाची विभागणी अभियंते आकड्यांत मांडतात. त्या आकड्यांतला अग्रक्रम मात्र सत्ता ठरवते, ही गोष्ट साइटच्या वेळापत्रकात स्पष्ट दिसते.

या व्यवस्थेचा सर्वांत कल्पक उपयोग शिक्षकांच्या प्रशिक्षणासाठी झाला. शाळांना सुटी असताना सकाळची वाहिनी मोकळी राहत असे. त्या वेळात राष्ट्रीय शैक्षणिक संशोधन आणि प्रशिक्षण परिषदेने प्राथमिक शिक्षकांसाठी विज्ञान शिकवण्याचे १२ दिवसांचे वर्ग घेतले. त्यात दूरचित्रवाणीवरचा पाठ, नभोवाणीवरची चर्चा, छापील पुस्तिका आणि स्वतः करून पाहावयाचे प्रयोग यांची सांगड घातलेली होती. दोन फेऱ्यांत मिळून सुमारे ४८,००० शिक्षक या वर्गांना बसले. जे चित्राने सांगणे आवश्यक, तेवढेच चित्राने सांगायचे आणि उरलेले स्वस्त माध्यमांवर सोपवायचे, ही बहुमाध्यमी मांडणी ५० वर्षांपूर्वीच्या या वर्गांत शिस्तीने अमलात आली होती.

सेवेचा खरा दर्जा मात्र आकाशात ठरला नाही. अहमदाबादहून चित्र वर जात होते, उपग्रह ते चोख परत पाठवीत होता, तरीही गावातला पडदा काळा राहू शकत होता. बहुतेक वेळा दोष विजेचा असे. कधी ती नसे, तर कधी तिचा दाब इतका कमी-जास्त होई, की संच टिकत नसे. काही गावांत संच बॅटरीवर चालवावे लागले. प्रयोग पावसाळ्यात सुरू झाला आणि बिहारसारख्या भागात पावसाळ्यातले रस्ते हीच एक स्वतंत्र अडचण होती. म्हणून प्रत्येक राज्यात दुरुस्ती केंद्रे व उपकेंद्रे उभारण्यात आली, जीपगाड्या दिल्या गेल्या, सुटे भाग साठवले गेले. गावागावांत संच सांभाळणारा एक रखवालदार नेमला गेला, बहुधा शाळेतला शिक्षकच. संच वेळेवर लावणे, बंद करणे आणि बिघाड झाल्यास कळवणे हे त्याचे काम होते. या यंत्रणेमुळे बहुतांश संच बहुतांश दिवस चालू राहिले. त्या काळच्या ग्रामीण भारतात ही कामगिरी उपग्रह फिरवण्याइतकीच अवघड होती.

गावांची निवड करतानाही याच वास्तवाशी तडजोड करावी लागली. जिल्हे मागासलेले निवडले गेले. मात्र त्या जिल्ह्यांतली गावे निवडताना वीज, रस्ता आणि सार्वजनिक इमारत यांचा विचार करावाच लागला. ज्यांच्याकडे यांतले काहीच नव्हते, ती गावे उपग्रहाच्या छायेत असूनही प्रयोगाबाहेर राहिली. मागासांमधले सर्वांत मागास पुन्हा एकदा रांगेच्या शेवटी गेले.

प्रयोगाचे मूल्यमापन त्याच्या आखणीतच समाविष्ट होते. मानववंशशास्त्रज्ञ काही गावांत दीर्घकाळ राहिले, तर इतर अभ्यासकांनी मोठ्या सर्वेक्षणांतून माहिती गोळा केली. सुरुवातीची झुंबड ओसरल्यावर एका संचासमोरचे प्रेक्षक सरासरीने १०० च्या आसपास स्थिरावले. आरोग्य आणि कुटुंबनियोजन या विषयांतील माहिती वाढलेली आढळली. स्त्रिया आणि निरक्षर प्रेक्षक यांच्यात ही वाढ विशेष होती. शेतीच्या पद्धतींत मात्र म्हणावा तसा बदल दिसला नाही. शाळेतील पटसंख्येवरही लक्षणीय परिणाम झाला नाही. जिथे केवळ माहितीची उणीव होती, तिथे पडदा उपयोगी पडला. जिथे बियाणे, पाणी आणि पैसा यांची उणीव होती, तिथे पडद्याच्या हाती फारसे काही नव्हते.

३१ जुलै १९७६ रोजी प्रयोग संपला आणि उपग्रह आपल्या मार्गाने परत गेला. गावागावांतल्या जाळीच्या छत्र्या होत्या तिथेच उभ्या राहिल्या, मात्र त्यांच्याकडे येणारे काही उरले नाही. पुढील वर्षी जयपूर, रायपूर, मुझफ्फरपूर, संबलपूर, हैदराबाद आणि गुलबर्गा येथे जमिनीवरची प्रक्षेपण केंद्रे उभारून काही गावांपर्यंत सेवा पुन्हा पोहोचवण्यात आली. उरलेल्या गावांसाठी ते वर्ष म्हणजे येऊन गेलेला पाहुणा ठरले. उसन्या साधनावर उभारलेल्या सेवेत सातत्याची हमी नसते, हा धडा इस्रोने मनावर घेतला. स्वतःच्या उपग्रहांची मागणी यानंतर अधिक ठामपणे मांडली गेली.

त्या मागणीचे फळ म्हणजे इन्सॅट. १० एप्रिल १९८२ रोजी सोडलेला इन्सॅट-१ए काही महिन्यांतच निकामी झाला. ३० ऑगस्ट १९८३ रोजी अमेरिकन अंतराळयानातून गेलेल्या इन्सॅट-१बी ने मात्र दीर्घकाळ काम केले. दूरध्वनी, दूरचित्रवाणी आणि हवामान ही तीन कामे एकाच उपग्रहावर एकत्र करण्याचा निर्णय हा काटकसरीतून आलेला होता. तीन वेगळे उपग्रह परवडणारे नव्हते. या उपग्रहावर ढगांची छायाचित्रे घेणारे उपकरण होते आणि त्याच्या शेजारी फारशी चर्चा न झालेली आणखी एक यंत्रणा होती. दुर्गम ठिकाणी ठेवलेल्या, माणूस नसलेल्या हवामान उपकरणांकडून येणारे आकडे गोळा करून भूकेंद्राकडे पाठवणारा हा माहिती-वाहक होता.

साइटचे चित्र इथे उलटे झाले. तिथे एक केंद्र बोलत होते आणि हजारो गावे ऐकत होती. इथे अनेक उपकरणे बोलणार होती आणि एक केंद्र ऐकणार होते. अडचणही उलट्या प्रकारची होती. सौर पट्टी आणि बॅटरी यांवर चालणाऱ्या या स्थानकांना वीज जपून वापरावी लागते. म्हणून ती बहुतेक वेळ गप्प असतात आणि ठरलेल्या वेळी तापमान, वाऱ्याचा वेग, हवेचा दाब, पाऊस असे आकडे क्षणभराच्या संदेशात पाठवतात. उपग्रहाकडून त्यांना काहीच ऐकू येत नाही. त्यामुळे आपला संदेश पोहोचला की दुसऱ्या एखाद्या स्थानकाच्या संदेशावर आदळून नष्ट झाला, हे त्यांना कळण्याचा मार्ग नसतो. यावर भारतीय हवामान विभागाच्या जालात वापरला गेलेला एक उपाय अगदी साधा आहे. प्रत्येक स्थानक तोच संदेश दिलेल्या कालखंडात एकाहून अधिक वेळा, यादृच्छिक भासणाऱ्या क्षणी पाठवते. दोन स्थानके एकदा एकमेकांवर आदळली, तरी पुन्हा पुन्हा आदळण्याची शक्यता फार कमी होते. दुसरा उपाय प्रत्येकाला स्वतंत्र क्षण नेमून देण्याचा. तो अधिक काटेकोर आहे, पण त्यासाठी प्रत्येक स्थानकाचे घड्याळ अचूक असावे लागते. पुण्यातील हवामान विभागाच्या भूकेंद्रात देशभरच्या स्वयंचलित स्थानकांचे असे संदेश उतरवले जात आले आहेत. साइटमध्ये भाषांना मिनिटे वाटून दिली होती, इथे उपकरणांना क्षण वाटून दिले जातात.

या वाटपातून काय साधते, हे पूर्व किनाऱ्याने पाहिले. १९ नोव्हेंबर १९७७ रोजी आंध्रच्या किनाऱ्यावर आदळलेल्या चक्रीवादळात आणि त्याने उसळलेल्या समुद्रात कृष्णेच्या मुखालगतच्या दिवीसीमा भागात हाहाकार उडाला. मृतांची संख्या १०,००० च्या घरात गेली. इन्सॅटनंतर त्या किनाऱ्यावर इशारा देणारे विशेष ग्राहक संच बसवण्यात आले. धोका असलेल्या जिल्ह्याचा संकेत उपग्रहावरून पाठवला, की तेवढ्याच भागातले संच आपोआप जागे होत, भोंगा वाजे आणि स्थानिक भाषेत इशारा ऐकू येई. इतर जिल्ह्यांतले संच शांत राहत. सगळ्यांना सारखेच ऐकवण्याऐवजी ज्याला गरज आहे त्यालाच आणि गरज असेल तेव्हाच ऐकवायचे, ही प्राधान्याची कल्पना इथे अमलात आली. मे १९९० मध्ये त्याच किनाऱ्यावर तितक्याच भयंकर स्वरूपाचे वादळ आले, तेव्हा मृतांचा आकडा हजाराच्या आत राहिला. याचे श्रेय एकट्या उपग्रहाला देता येणार नाही. लाखो लोकांना वेळेत हलवणारे प्रशासन आणि निवारागृहे यांचाही त्यात वाटा होता. पण हलवण्यासाठी लागणारा अवधी त्या इशाऱ्याने मिळवून दिला.

शिक्षणाच्या बाबतीत मात्र साइटचा वारसा इतका सरळ चालला नाही. इन्सॅट आल्यावर दूरचित्रवाणी देशभर पसरली. १९८४ मध्ये जवळजवळ रोज एक प्रक्षेपण केंद्र सुरू होत होते. परंतु त्यावरून प्रामुख्याने दिल्लीचा कार्यक्रम आणि करमणूक पोहोचली. २० सप्टेंबर २००४ रोजी केवळ शिक्षणासाठी म्हणून एज्युसॅट हा उपग्रह सोडण्यात आला. त्याच्या प्राथमिक चाचण्यांत नाशिकच्या यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठाचाही सहभाग होता. या वेळी उपग्रह स्वतःचा होता, वाहिन्या अनेक होत्या आणि दोन्ही बाजूंनी बोलण्याची सोय होती. सप्टेंबर २०१० मध्ये तो निवृत्त झाला. त्यानंतर भारताच्या नियंत्रक व महालेखापरीक्षकांनी या कार्यक्रमाची तपासणी केली आणि जमिनीवरील जाल, कार्यक्रमांची निर्मिती व व्यवस्थापन या तिन्ही बाबतींतील उणिवांवर बोट ठेवले. आकाशात क्षमता उपलब्ध होती, पण तिचा पुरेसा उपयोग झाला नाही.

साइटकडे एकच उसनी वाहिनी आणि एकच वर्ष होते. म्हणूनच तिथे प्रत्येक मिनिटाचा हिशेब झाला, प्रत्येक संचाला रखवालदार मिळाला आणि प्रत्येक दुरुस्ती केंद्राला जीप मिळाली. एज्युसॅटकडे विपुलता होती, पण तो हिशेब आणि ती जीप नव्हती. आज शेतातील ओलावा मोजणारी उपकरणे, नदीची पातळी कळवणारी स्थानके आणि खेड्यातील शाळांना जोडणाऱ्या तारा यांची संख्या झपाट्याने वाढत आहे. या साऱ्यांच्या क्षमतेचे मोठमोठे आकडे सतत जाहीर होत असतात. बिघडलेले स्थानक किती दिवसांत दुरुस्त होते आणि संपलेली बॅटरी कोण बदलतो, हे आकडेही त्यांच्याच शेजारी जाहीर व्हायला हवेत. २४०० गावांच्या त्या वर्षाने दर्जाचे मोजमाप तिथेच होते हे दाखवून दिले होते.